कडबा त्याचा, पांडव माझे

दोन हजार बावीस साल. मी सत्तर वर्षांचा होतो. गुडघे नव्वदचे झाले होते आणि डोकं मात्र, आमच्या कौसाच्या म्हणण्याप्रमाणं, नुकत्या शिंगं फुटलेल्या खोंडाचं राहिलं होतं. पुढं दिसेल त्याला धडकायचं. कौसा म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही आणि कधी मानलंही नाही.

यंदा थंडी पुन्हा तशीच पडली आहे. काल सकाळी रानात गेलो, हरभऱ्याच्या शेंड्यांवरून हात फिरवला आणि बोटं चाटली. आंब तशीच, जिभेला झिणझिण्या आणणारी. तुरी भरल्यात. ज्वारी छातीला लागली आहे, पण ती माझ्या रानात नाही, बांधाच्या पलीकडं आहे. मी कधीच सोयाबीनवर गेलो. वारा सुटला की पलीकडच्या ज्वारीची सळसळ ऐकू येते, आणि ती कानावर आली की दर वर्षी माझा जीव नव्यानं भांड्यात पडतो.

मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीत गुरुजींनी उगाच मारलं म्हणून उठून घरी आलो तो परत गेलो नाही. बाप म्हणाला, जाऊ दे, नुकसान शाळेचं हाय. त्यामुळं लिहिताना काना मात्रा चुकली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. सांगण्यात मात्र चूक निघायची नाही.

तर येळवस. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात, मार्गशीर्षातली. लातूरकडच्या माणसाला तिचं काय सांगायचं, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. अहमदपूरची दुकानं बंद, उदगीरची अडत बंद, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायचा. खोपीसारखाच, पण देवाचा. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यावर शाल घालायची. मातीच्या बिंदगीत ताकातली आंबील, आदल्या रात्रीपासून आंबलेली. ओल्या तुरी, वाल, वाटाणा, हरभऱ्याची भाजी, चिंच, असं रानात जे असेल ते एकत्र शिजवून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आधी रानाभोवती आंबील शिंपायची, मग जेवायचं, मग झाडाखाली आडवं व्हायचं, आणि दिवस बुडाला की कडब्याची पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती पळायचं. ज्याला रान नाही त्यानं कोणाच्याही रानात जेवावं. वाटसरूला हात धरून बसवायचं. त्या दिवशी पाटलाच्या रानात फौजदार जेवतो आणि फौजदारानं धरलेला माणूसही जेवतो.

खाजा माझ्या रानात जेवायचा.

खाजा हा माझा बांधाला बांध लागलेला शेजारी. गावात त्याचं घर मशिदीच्या गल्लीत, माझं मारुतीच्या पाराजवळ. पण घराच्या शेजाऱ्याला फार तर आपल्या चुलीचा धूर दिसतो, रानाच्या शेजाऱ्याला आपलं पीक दिसतं. लहानपणापासून येळवशीचा कोप आम्ही दोघांनी उभा केलेला. माझ्या रानात आधी कापूस, पुढं सोयाबीन, त्यामुळं कडबा नसायचा आणि त्याच्या धर्मात पांडव नव्हते. म्हणून कडबा त्याचा, पांडव माझे. कधी आदल्या दिवशी तो पेंढ्या आणून टाकायचा, कधी मी जाऊन त्याच्या गंजीतून उपसून आणायचो. विचारायचं कोणी कोणाला नाही. त्याची आई ओरडायची, कौन है रे? मी म्हणायचो, मी हाय, चाची. ती म्हणायची, मग लवकर ने, म्हैस बघायली.

आंबील शिंपताना आम्ही जी आरोळी देतो तिचा अर्थ आमच्या गावात कोणालाच ठाऊक नाही. कानडी आहे म्हणतात. तीत 'सालम' असा एक शब्द येतो. खाजा तो शब्द ऐकला की थांबायचा, कपाळाला हात लावायचा आणि राजासारखी मान हलवायचा. म्हणायचा, "बगा, समद्या शिवारात मलाच सलाम घालून राहिलेत." हा विनोद त्यानं पन्नास वर्षं केला. पन्नास वर्षं मी हसलो नाही. पण त्यानं तो करायचं चुकवलं असतं तर मला येळवस झाल्यासारखी वाटली नसती.

आणि मग ती चार येळवशी, ज्या मला झाल्यासारख्या वाटल्या नाहीत.

आमच्या बांधावर एक बोरी आहे. माझ्या आज्यानं लावलेली. कोरोनाच्या दोन सालं आधी खाजाच्या पोरानं, सलीमनं, नांदेडहून फोन करून ट्रॅक्टर सांगितला. सलीमचं तिकडं पंपाच्या जळक्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. ट्रॅक्टरवाला परगावचा. त्यानं बांध बघितला नाही, हातभर फोडला आणि बोरीच्या मुळ्या उघड्या पाडल्या. मी बोललो. खाजा बोलला. मी जरा जास्त बोललो, तोही मागं राहिला नाही. आमची भांडणं आधीही व्हायची. एकदा तर बैल धुण्यावरून पंधरा दिवस बोललो नव्हतो. हेही येळवशीपर्यंत मिटलं असतं. पण त्या येळवशीला खाजा आला नाही.

कडबा आला नाही. मी तुराट्यांचा कोप केला. येळवशीच्या सकाळी कौसा डोक्यावर पाटी घेऊन आणि मी पुढं, असे निघालो. खाजाच्या गल्लीवरूनच वाट आहे. खाजा दारात बसला होता. आंघोळ केलेला, पांढरा सदरा, टोपी, पायात चपला. मला वाटलं, हा निघाला नांदेडला. आजच्या दिवशी, मुद्दाम. मी दारापुढं येऊन मोठ्यानं खाकरलो. आमच्यात खाकरणं म्हणजे अर्धं बोलणं असतं. तो उठेल असं वाटलं. तो उठला नाही. मी थांबलो नाही.

त्यानंतर मोजणी झाली. मोजणीवाल्यांनी दोरी लावली, यंत्र लावलं, आणि सरकारी रेघ निघाली ती बरोबर बोरीच्या बुंध्यातून. दोघांनाही ती पटली नाही. मग अहमदपूरच्या कोर्टात तारखा. अर्धी बोरी माझी, अर्धी त्याची. बोरं पिकायची आणि खाली पडून सडायची, कारण वाऱ्यानं कोणाचं बोर कोणाकडं टाकलं हे ठरवणार कोण? पोरंसुद्धा त्या झाडाला दगड मारायची बंद झाली. ज्या झाडाला पोरं दगड मारत नाहीत त्याचं काही खरं नसतं.

आमच्या गावाहून सकाळी अहमदपूरला एकच एस्टी. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीनं जायचे. मी पुढं बसायचो, तो मागं. कंडक्टर आमच्याच भागातला, तो तिकीट फाडताना म्हणायचा, "दोघं मिळून एक रिक्षा केली असती तर वकिलाला बी घेऊन गेला असता." एकदा तारीख लवकर पडली म्हणून दोघंही स्टँडवर आलो. चहावाल्या नव्या पोराला काय माहीत, त्यानं दोन कप एकाच थाळीत आणून आमच्या मधल्या बाकड्यावर ठेवले. मी थाळी त्याच्याकडं सरकवली नाही. त्यानं हात पुढं केला नाही. दोन्ही चहा तसेच गार झाले आणि वर साय धरली.

याच दिवसांत काही नवीच माणसं माझ्याकडं यायला लागली. पांढरे कपडे, गळ्यात रुमाल. काका, म्हणाले, हे साधं भांडण न्हाई, आता आपल्या लोकांनी एक झालं पाहिजे. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, आज बांध गेला, उद्या गाव जाईल. मी त्यांना सांगितलं, "माझा हातभर बांध गेलाय. तुमी तर आख्खं गाव मागायला आलाव." ते परत आले नाहीत. माझं भांडण माझं आहे. त्यात दुसऱ्यानं कशाला वाढून घ्यावं?

कोरोनात खाजाला लातूरच्या दवाखान्यात नेलं. गाडी आमच्या रानाच्या कडेनं गेली. मी बोरीखाली उभा होतो. तो परत येईपर्यंत त्याची खबर मला रोज कळत होती, कारण कौसा आणि खाजाची बायको बीबन नळावर रोज बोलायच्या. बाया बांध मानत नाहीत. मी विचारायचो नाही, कौसा सांगायची नाही. ती फक्त भाकरी थापता थापता भिंतीशी बोलायची, "आज खिचडी खाल्ली म्हणं." मी भाकरी खायचो.

दोन हजार बावीसच्या त्या थंडीत भिंतीशी बोलताना कौसा वेगळंच बोलली. "रान इकून नांदेडला चाललेत म्हणं. अमावश्या झाली की सौदा."

मी घास परत ताटात ठेवला. घेणारा अहमदपूरचा, तिथं प्लॉट पाडणार होता. मी म्हणालो, जाऊ दे, बरं झालं, तारखा सुटल्या. कौसानं भाकरी उलटली. म्हणाली, "हाव, लई बरं झालं. पुढच्या साली सिमेंटच्या खांबाशी भांडा."

मी रानात गेलो. पलीकडची ज्वारी वाऱ्यानं हलत होती. चार सालं मी तिच्याकडं बघितलं नव्हतं असं लोकांना वाटायचं. मी रोज बघायचो. कोणती ओळ पिवळी पडली, कुठं रानडुकरं घुसली, सगळं ठाऊक होतं. ते रान गेलं तर माझ्या रानाला एक बाजूच उरणार नव्हती.

वनिता याच आठवड्यात आली. अहमदपूरला एक संस्था आहे, चार खोल्यांची नाही, एकाच खोलीची. वनिता तिथली. वकिलीचं शिकलेली, नाटकातही कामं केलेली, चाळिशीची बाई. स्कूटीवर हिंडते. यांचं काम म्हणजे भांडणं. बांधाची, वाटेची, पाण्याची, आळीआळीची. हदगावकडच्या एका गावात स्मशानाच्या वाटेवरून दोन वस्त्या एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, तिथं यांनी वर्षभर बैठका घेतल्या आणि वाट कागदावर आणून दिली. उदगीरकडच्या एका गावात दोन गल्ल्यांतल्या बायकांना एकत्र बसवून एकच मोठी वाकळ शिवून घेतली. प्रत्येकीनं घरातलं जुनं लुगडं आणायचं आणि दुसरीच्या लुगड्याला जोडायचं. हे सगळं तिनं मला अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, कारण मी तिला बस म्हणालो नव्हतो.

मी म्हणालो, "मग आमच्यासाठी बी गोधडीच शिवणार का? एक टोक तो वढील, एक मी."

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायचंय. पण तुमचं नाही. खाजाचाचांचं म्हणणं तुम्ही मांडायचं, तुमचं ते मांडणार. आणि 'तो' म्हणायचं नाही. 'मी' म्हणायचं."

मी सांगितलं, मी काही तमासगीर नाही. ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. मी परत तेच सांगितलं. कौसानं मधेच चहा आणला आणि तिला खाटेवर बसवलं, म्हणजे माझी बाजू तिथंच ढिली झाली. तिसऱ्यांदा वनिता म्हणाली, "बोलू नका काका. नुसतं या आणि बसा. चाचा बोलणार आहेत, तुमच्या नावानं काय काय बोलतात ते ऐकायला तरी या."

यावर कोण घरी बसेल?

येळवस दोन दिवसांवर आली होती. शाळेच्या वऱ्हांड्यात दुपारी उन्हाला माणसं बसली. गावाला एवढ्या दिवसांनी फुकटचं नाटक बघायला मिळत होतं. मी भिंतीला टेकून बसलो, काठी मांडीवर. खाजा उठला. चार सालांत मी त्याला समोरून बघितलं नव्हतं. मान बारीक झाली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, माझ्याजवळ आला, काही न बोलता माझा पटका उचलला आणि स्वतःला बांधला. बांधला तो माझ्यासारखाच, डाव्या कानावर जरा जास्त. मग माझी काठी घेतली, फरशीवर आपटली, आणि खाकरला.

आख्खा वऱ्हांडा हसला. कौसा पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसली.

"मी दिगंबर," खाजा म्हणाला. "माझं म्हणणं एकच. मी खरा."

पुन्हा हसले. मला राग आला, पण तो पुढं बोलायला लागला तसा मी ऐकत गेलो. तो म्हणाला, माझ्या बापानं ही बोरी लावली. मी मधेच म्हणालो, "बापानं न्हाई, आज्यानं." त्यानं मान हलवली, "हां, आज्यानं." म्हणाला, "मुळी तुटली तवा मला वाटलं, माझ्याच घरातलं कुणीतरी तोडलं. ट्रॅक्टर परक्याचा होता, पण मला खाजाच दिसला. मग माझ्याकडं चार माणसं आली, गळ्यात रुमालवाली. म्हणाली, एक व्हा. मी त्यांना हाकलून दिलं."

हे त्याला कसं कळलं, म्हणून मी त्याच्याकडं बघितलं. खाजा माझ्या पटक्याखालून हळूच बोलला, "माझ्याकडं बी आल्ती. टोप्या येगळ्या होत्या. मी बी हाकलली. मला वाटलं, तू बी हाकलली असशील."

वनितानं त्याला आठवण करून दिली की 'तू' म्हणायचं नाही.

मग ती माझ्याकडं वळली. मी ठरवून आलो होतो की तोंड उघडायचं नाही. पण त्यानं माझी एवढी नक्कल केली, ती फेडल्याशिवाय घरी जायचं? मी उठलो. खाजानं आपली टोपी माझ्या हातात दिली. "ही घाल. न्हाईतर लोकांला वळखू येयाचं न्हाई." मी घातली. लोक हसले, तोही हसला. मी कंबर वाकवली, मान बाजूला टाकली, त्याच्यासारखं नाकातून बोललो. "मैं खाजा. मेरेकू क्या, मैं चल्या नांदेडकू. मोटारी भरेंगा." मशिदीच्या गल्लीतली माणसं पोट धरून हसायला लागली. माझी नक्कल खाजापेक्षा सरस होती, हे मी आजही सांगतो.

वनिता हसली नाही. तिनं मला विचारलं, "खाजाचाचा, बांध तर हातभरच होता. एवढा राग नेमका कशाचा आला?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं, नकलेतलंच, हसवणारं. टोपी डोक्यावर होती. खाजासारखं उत्तर द्यायचं म्हणून मी खाजासारखं बघायला गेलो, आणि मला ते दार दिसलं. दारात बसलेला खाजा. मी बाहेरून चाललोय तसं नाही, मी आतून बसलोय तसं. वाटेवर कोणीतरी येतंय, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि पुढं पटकेवाला. पटकेवाला खाकरतो. आणि जातो.

मी म्हणालो, "त्या साली येळवशीच्या दिशी मी सकाळीच आंघोळ केली. नवा सदरा घातला. चपला घालून दारात बसलो." आवाज माझाच निघत होता, नाकातला नाही. "आवतण आलं न्हाई."

मी खाजाकडं बघायचं टाळलं. मला वाटलं, मी चुकीचं बोललो, हे त्याच्या मनात नसेल, मी माझंच काहीतरी त्याच्या तोंडात घातलं.

खाजा माझा पटका बांधून, माझी काठी धरून उभा होता. त्याला अजून 'मी दिगंबर' म्हणूनच बोलायचं होतं. त्यानं काठी फरशीवर टेकवली. मग म्हणाला, "घरच्या माणसाला आवतण देत असतेत का?"

एवढंच. आणि हे माझ्या मनातलं होतं. चार सालं रोज होतं. आवतण परक्याला देतात, पाहुण्याला देतात, सोयऱ्याला देतात. भावाला कोणी आवतण देतं? मी त्याला आवतण दिलं असतं तर त्याला परका केलं असतं. तो आवतणाची वाट बघत बसला, म्हणजे त्यानंच मला परका केलं. असं मी धरून बसलो होतो, आणि कोणालाही बोललो नव्हतो. कौसालासुद्धा नाही.

खाजानं पटका सोडला. "हे तुझं खरं हाय का, दिग्या?"

"हाव."

"मग खाकरून कामून गेलास? सांगायचं न्हाई?"

"तू उठून कामून आला न्हाईस?"

वनितानं मग दोघांनाही बसवलं. बांधाचं बोलणं नंतर झालं, आणि ते उगाच झाल्यासारखंच झालं. बोरी दोघांची, तिच्या दोन्ही बाजूंनी बांध पुन्हा घालायचा, अर्धा त्यानं, अर्धा मी. कोर्टात तडजोड लिहून द्यायची. बाकीचं वनितानं सांभाळलं. जाताना ती फक्त म्हणाली, "कोर्टात कोणी हे विचारलं नसतं. विचारायला तिथं वेळ नसतो." मी तिला म्हणालो, येळवशीला रानात ये. ती परकी होती, तिला आवतण देणं भाग होतं.

न्याय म्हणजे काय हे मला तिसरीपर्यंत कोणी शिकवलं नाही. कोर्टात निकाल लागला असता तर हातभर माती एकाकडं गेली असती. त्या दुपारी मला माझ्या छातीवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं वाटलं आणि अंग एवढं हलकं झालं की मला चालताना काठी जड वाटायला लागली. उन्हं उतरली होती. गल्लीत कोणीतरी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ चाळत होतं. तो वास मला चार सालांत आलाच नव्हता की मी घेतला नव्हता, देव जाणे.

पण रान विकायचं खाजा काही बोलला नव्हता. मी विचारलं नव्हतं. अहमदपूरवाल्याचा सौदा तसाच उभा होता.

सांजेला कौसानं पाटे धुतले, वाल निवडले, आणि यावेळी ती भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलली. "मग? खाजाभाईला आवतण देणार का न्हाई?"

मी म्हणालो, "द्यायचं न्हाई."

"अवो, परत तेच?"

"दिलं तर तो पाहुणा झाला. पाहुणा जेवतो अन् नांदेडला जातो."

"अन् न्हाई दिलं तर परत दारात बसंल."

आवतण द्यावं तर परका, न द्यावं तर परका. खोंडाचं डोकं असलेल्या माणसापुढं देवानं असा खुंटा रोवावा! मी अंगणात येऊन बसलो. थंडी खाली उतरत होती. दोन दगडांना लावलेला चुना वाळून पांढरा पडला होता, तीन अजून ओले होते. तीन सालं मी ते पाच दगड तुराट्यांत बसवले, एका साली हिरव्या जाळीखाली बसवले. आरोळी दिली की सलाम घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून आरोळीही मी अर्धीच द्यायचो. दगड तेच होते. तरी त्यांना पांडव म्हणताना माझी जीभ अडायची.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी खाजाच्या दारात होतो. दारापुढून मागं वळलो, परसात. कडब्याची गंजी तिथंच होती, आम्ही लहान असताना होती तिथंच. मी हाक मारली नाही. खाकरलोही नाही. एक पेंढी उपसली, दुसरी उपसली. कडबा कोरडा होता, हाताला चरचरत होता, आणि त्याचा तो गोडसर वास. म्हशीनं माझ्याकडं बघितलं.

आतून बीबनभाबी ओरडली, "कौन है रे?"

"मी हाय," मी म्हणालो.

मागचं दार उघडलं. खाजा अंगावर वाकळ घेऊन उभा राहिला. त्यानं पेंढ्या बघितल्या, मला बघितलं. या म्हणाला नाही, कशाला म्हणाला नाही.

"दोनानं काय व्हतंय," तो म्हणाला. "सात लागतेत. त्या जाळीच्या साली तुझा कोप वाकडा झाल्ता. मी बघितलाय."

"बघितलास तर नीट करायला येयाचं व्हतं."

"आवतण कुठं व्हतं?"

मी तिसरी पेंढी ओढली. आतून बीबनभाबीचा आवाज आला, "दिगंबरभाई, काल सांजच्यालाच सलीमकू फोन लगाये. रान नक्को बेचो बोले."

खाजाचं तोंड एकदम आंबट झालं. "तुझ्यासाठी न्हाई," तो मला म्हणाला. "म्हशीला कडबा लागतो. नांदेडला कुठं मिळतोय?"

"मी कुठं म्हणालो माझ्यासाठी," मी म्हणालो.

गंजीतून पेंढ्या उपसून झाल्या तेव्हा त्या बांधायला काही नव्हतं. त्याच्या कुडाला एक दोरी अडकवलेली होती, म्हशीची. ती मी न विचारता सोडून घेतली.